आयोवातला शेवटचा डबा

"हे सगळं तुमचंच आहे ना?" गॅरीनं विचारलं, आणि कुंदानं खरं सांगून टाकलं.

"नाही."

गॅरीनं लिहायचं थांबवलं. सामान हलवणाऱ्या एका छोट्या कंपनीचा मालक, आधी येऊन अंदाज बांधणारा आणि नंतर ट्रक चालवणारा, हे तिन्ही तो एकटाच होता. अस्सल आयोवाचा माणूस: उंच, रुंद, सावकाश बोलणारा, आणि दुसऱ्याच्या घरात आवाज चढवणं पाप समजणारा. सीडर रॅपिड्सच्या आमच्या घराच्या तळघरात तो, मी आणि माझी बायको एका भिंतीसमोर उभे होतो. भिंतीवर मी स्वतः ठोकलेल्या फळ्या होत्या, आणि फळ्यांवर जमिनीपासून छतापर्यंत डबे होते.

"मग कुणाचं आहे?" त्यानं अदबीनं विचारलं.

कुंदानं ओळख करून द्यायला सुरुवात केली. हा उभट डबा निमकरांचा. तो कडीचा पाठारेबाईंचा. हे प्लास्टिकचे मुजुमदारांचे, पण झाकणं त्यांची नव्हेत, झाकणं कुणाची ते शोधायचं आहे. गावातली झाडून सगळी मराठी घरं त्या भिंतीवर नांदत होती. गॅरीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की दुसऱ्याचं सामान राज्याबाहेर नेताना त्याला जरा अवघडल्यासारखं होतं. हे त्यानं अशा सुरात सांगितलं की चूक त्याचीच असावी.

मी विमानांची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत होतो आणि आमचं खातं अ‍ॅरिझोनात हलवलं जात होतं. ज्या गावात आम्ही उभं आयुष्य काढलं, जिथे वारा फिरला की धान्याच्या कारखान्यातून भाजलेल्या ओट्सचा वास घरभर पसरायचा, ते गाव सोडून आम्ही फिनिक्सच्या वाळवंटात निघालो होतो. सोफा, पलंग, टीव्ही यांचं नियोजन मी एका संध्याकाळी उरकलं. डब्यांचं नियोजन मात्र कुंदानं स्वतःकडे घेतलं, आणि तिथेच सगळं फिसकटलं.

डबा रिकामा परत करायचा नाही, हे आपल्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही. आईच्या दुधाबरोबर येतं ते. कुंदानं गॅरीला ते इंग्रजीत समजावून सांगितलं. मला वाटलं, तो बिचारा मान डोलावून पुढे जाईल. पण तो म्हणाला की त्याच्या आईच्या प्रत्येक काचेच्या भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर तिचं नाव असतं, आणि शेजारणीचं भांडं तिनं आजवर रिकामं परत केलेलं नाही. कुंदानं माझ्याकडे असं पाहिलं की लग्न ठरवताना आयोवातली स्थळं का बघितली नाहीत याचा तिला पश्चात्ताप होत असावा.

म्हणून मग, ज्या दिवसांत माणसं स्वयंपाकघर रिकामं करतात त्या दिवसांत आमच्याकडे चिवडा, शंकरपाळे आणि सोलापुरी शेंगाचटणीचा कारखाना सुरू झाला. मी सुचवून पाहिलं की प्रत्येक डब्यात चिमूटभर साखर घालून देऊ. शास्त्र राहील आणि श्रम वाचतील.

"चिमूटभर साखर अडलेल्यानं घालायची असते," कुंदा म्हणाली. "आपले हातपाय चालतायत की अजून."

हातपाय तिचे चालत होते, गाडी मी चालवत होतो. भरलेले डबे घेऊन मी घरोघर जायचो, आणि प्रत्येक घरी मला थांबवून, "आता पुन्हा कधी येणार तुम्ही," असं म्हणून दुसरा डबा हातात ठेवला जायचा. वाटेत खायला. आयोवापासून अ‍ॅरिझोनापर्यंतची वाट लांब आहे, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. टाकीत वरून नळ चालू असताना खालून कितीही उपसलं तरी पातळी उतरत नाही, एवढं मला इंजिनिअर म्हणून कळत होतं. नवरा म्हणून मी फक्त उपसत होतो.

शेवटी मी एक युक्ती केली. निमकरांच्या पायरीवर डबा ठेवला, घंटा वाजवली आणि पळालो. पन्नाशी उलटलेल्या माणसानं एप्रिलमधल्या बर्फावर पळू नये. मी निमकरांच्या शेजारच्या अंगणात आडवा झालो. तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी मला उठवलं, आत नेऊन कॉफी पाजली आणि निघताना प्लमच्या मुरंब्याची बरणी दिली. बरणी त्यांना परत हवी होती.

याच गडबडीत गॅरी रिकामी खोकी टाकायला आला. कुंदानं त्याला मुजुमदारांच्या एका डब्यात लाडू घालून दिले. दोन दिवसांनी तो पुन्हा आला तेव्हा डब्यात त्याच्या बायकोनं केलेला भोपळ्याचा ब्रेड होता, रुमालात गुंडाळलेला, अजून कोमट. कुंदा तो डबा हातात धरून बराच वेळ उभी राहिली.

"बघा," ती मला म्हणाली. "याला कळतं."

मग ती तळघरात गेली. सगळ्यांत वरच्या फळीवर, बाकीच्या डब्यांपासून वेगळा, एक गोल स्टीलचा डबा होता. त्यावर मशिननं कोरलेलं होतं: शरयू हुद्दार, धंतोली. तो तिनं वर आणून माझ्यासमोर ठेवला.

"ट्रक भरायच्या दिवशी सकाळी हा देऊन या."

"काय भरतेस यात?"

"काही नाही. माझा जसा आला होता, तसा हा जाईल."

इथे मला थोडं मागे जायला हवं. हुद्दार म्हणजे विशू आणि शरयू, दोघंही नागपूरच्या धंतोलीचे. आम्ही आयोवात आलो तेव्हा गावात त्यांच्याखेरीज मराठी कुणी नव्हतं. आमच्या पहिल्या हिवाळ्यात, गाडी सुरू होत नाही आणि नळाचं पाणी गोठलंय अशा सकाळी, शरयू गुडघाभर बर्फातून सांबारवड्यांचा डबा घेऊन आली. आम्ही ज्याला कोथिंबीर म्हणतो त्याला ती सांबार म्हणते, यावरून पहिला अर्धा तास गेला. त्यानंतर त्या दोघी बोलायच्या थांबल्याच नाहीत. कुंदाला त्या गावात ओळखी पुष्कळ झाल्या, पण मैत्रीण ती एकच.

पुढे आमच्या मंजिरीचं लग्न ठरलं, तिथेच, एका चर्चचा हॉल घेऊन. आमंत्रणाबरोबर कुंदानं आपल्या मोठ्या डब्यातून शरयूला बेसनाचे लाडू पाठवले. ठरलं असं की लग्नाच्या सकाळी त्याच डब्यातून शरयूच्या सांबारवड्या येतील, आणि संध्याकाळी त्याच डब्यातून मुलीबरोबर सासरी लाडू जातील. लग्नाच्या सकाळी विशूची गाडी हॉलबाहेर आली. तो खाली उतरलाच नाही. खिडकीतून डबा माझ्या हातात दिला, म्हणाला शरयूची पाठ धरलीय, आणि मला शिकागोला जावं लागतंय. मी त्याला निदान पेढा तरी घे म्हटलं, तर नको म्हणून गाडी वळवून गेला.

मी डबा नेऊन टेबलावर ठेवला. वजनावरून मला कळायला हवं होतं, पण त्या दिवशी मुलीच्या बापाला स्वतःचे हात जागेवर आहेत की नाहीत तेही कळत नसतं. कुंदानं विहीणबाईंना हाताला धरून आणलं, "आमच्या शरयूच्या हातच्या वड्या खाऊन तर बघा," असं म्हणाली, आणि झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं. घासून, पुसून लख्ख केलेलं बूड तेवढं होतं. विहीणबाई भल्या, त्या म्हणाल्या डबा छान आहे.

त्यानंतर कुंदा शरयूशी बोलली नाही. लग्न उरकून आम्ही लगेच मुलीच्या सासरच्या पूजेला भारतात गेलो आणि चांगले दोन महिने राहून आलो. आल्यावर कळलं की मधल्या काळात नागपुरात विशूचे वडील वारले. मी एकटाच भेटून आलो. विशू म्हणाला, वय झालं होतं. शरयूनं पाणी आणून ठेवलं आणि आत गेली ती बाहेर आलीच नाही. पुढे मी आणि विशू चोरून भेटायला लागलो, हार्डवेअरच्या दुकानात, खिळ्यांच्या कपाटापाशी. बायकांचा विषय काढायचा नाही, हे न बोलता ठरलं होतं. त्या काळात मी इतके खिळे घेतले की तळघरातल्या सगळ्या फळ्या त्यातूनच झाल्या.

आणि आता हा रिकामा डबा मी नेऊन द्यायचा होता. मी कुंदाशी पहिल्यांदाच जरा वाद घातला. म्हटलं, आपण कायमचे चाललोय, भांडण इथेच राहू दे. ती म्हणाली, भांडण इथेच ठेवून चाललेय, म्हणून तर डबा पाठवतेय. मला फार वाईट वाटलं. हा डबा एकदा त्या दारात गेला की पुन्हा तिथे आमच्यापैकी कुणाला पाऊल टाकता येणार नाही, हे तिलाही कळत होतं. कळत होतं म्हणूनच ती वर न बघता कागदात कपबशा गुंडाळत होती.

ट्रक भरायच्या दिवशी सकाळी गॅरी माणसं घेऊन आला आणि मी डबा घेऊन निघालो. वाटेत माझा धीर सुटला. एका दुकानातून मी छोटे गोल डोनट घेतले, गाडीत बसून ते डब्यात ओतले, झाकण लावलं. मग मनात आलं की कुंदानं जन्मात डोनट पाठवलेला नाही. शरयू एका नजरेत ओळखेल, आणि माझी कीव करेल. भांडणापेक्षा ते वाईट. मी सगळे डोनट तिथेच बसून खाल्ले, आणि डब्याला लागलेली पिठीसाखर रुमालानं अगदी स्वच्छ पुसून काढली.

दार शरयूनंच उघडलं. केस पांढरे झाले होते. "या, भाऊजी," एवढंच म्हणाली. मी डबा पुढे केला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला, क्षणभर तसाच तोलला, आणि झाकण उघडलं. आत बघितलं. झाकण पुन्हा हळूच लावलं. मी जे काही ऐकावं लागेल ते ऐकायच्या तयारीनं बुटांकडे बघत उभा राहिलो.

"कोण गेलं, भाऊजी?" तिनं अगदी हलक्या आवाजात विचारलं.

मला काही समजेना. "कुठे?"

"घरचं कोण गेलं? कुंदाची आई का?"

"नाही, नाही. म्हणजे कुणीच..."

पण माझ्या घशात अजून डोनट होते आणि तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती आत वळून विशूला म्हणत होती, "अहो, गाडी काढा. कुंदाकडे सुतक आहे, अन् ती एकटी आहे तिथे सामानात." विशू एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात सपात अशा अवस्थेत बाहेर आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मी तोंड उघडेपर्यंत त्यांची गाडी रस्त्याला लागली होती. मी माझी गाडी घेऊन त्यांच्यामागे निघालो. तांबड्या दिव्यापाशी थांबलो तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरायला लागलं की घरात सुतक असताना त्या घरातून कुणालाही खायला पाठवत नाहीत. आणि कुणाच्या मांडवात पाऊलही टाकत नाहीत.

मी घरी पोचलो तेव्हा दार सताड उघडं होतं. बैठकीच्या रिकाम्या खोलीत शरयू कुंदाला कवेत घेऊन रडत होती. कुंदा, हातात वर्तमानपत्राचा कागद, लाकडासारखी ताठ उभी होती. गॅरी आणि त्याची माणसं सोफा उचलून दारापर्यंत आली होती. काहीतरी वाईट घडलंय एवढं ओळखून गॅरीनं सोफा खाली ठेवायला लावला, टोपी काढली, आणि तिघंही माना खाली घालून उभे राहिले.

"कोण गेलं, शरयू?" कुंदानं घाबरून विचारलं.

"तेच तर मी विचारून राहिली तुला."

"आमच्याकडचं कुणी नाही गेलं."

शरयूनं डोळे पुसले. "मग डबा रिकामा कसा पाठवला?"

कुंदाचा चेहरा लाल झाला. "तू नव्हतास पाठवला? माझ्या मुलीच्या लग्नात?"

"अगं, मामंजी गेले होते. त्याच पहाटे नागपूरहून फोन आला. वड्या तळून ठेवल्या होत्या, त्या फेकल्या मी. तुझ्या दारी मांडव, अन् मी त्यात सुतकाचं पाठवू? यांना सांगितलं, डबा तेवढा देऊन या, तिला लाडवाला लागेल, अन् बोलू नका कोणाला काही, लग्न पार पडू द्या."

"एक शब्द तर..."

"शब्द कशाला पाहिजे? मला वाटलं तू डबा उघडशील अन् समजशील. कुंदाला साखरेची चिमूटसुद्धा न घालता मी डबा पाठवीन, असं माझ्या मनातही नाही आलं. लग्न झालं की येईल म्हटलं. रोज दाराकडे बघत होती मी. तू आलीच नाहीस भेटायला."

कुंदाच्या हातातला कागद चुरगळत गेला. मग ती पुटपुटली, "मी तो डबा विहिणीसमोर उघडला."

"विहिणीसमोर?"

"तुझ्या हातच्या वड्या खाऊन बघा, असं म्हणून."

शरयूनं तोंडावर हात ठेवला. "अन् त्या काय म्हणाल्या?"

"डबा छान आहे म्हणाल्या."

आधी शरयूचे खांदे हलले, मग कुंदाचे. ते हसणं होतं की रडणं हे मला सुरुवातीला कळलं नाही, आणि नंतर दोन्ही इतकं मिसळलं की वेगळं काढण्यात अर्थ उरला नाही. दोघी तिथेच जमिनीवर बसल्या. कुंदा सारखी एकच वाक्य म्हणत होती, मी यायला हवं होतं, मी यायला हवं होतं. शरयू तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि मधूनच, "डबा छान आहे," असं म्हणून पुन्हा हसत होती. माझेही डोळे भरून आले, ते मी रुमालानं पुसले, आणि सगळी पिठीसाखर तोंडाला लावून घेतली.

गॅरीनं मला बाजूला घेऊन कोण वारलं असं विचारलं. मी विशूकडे बोट दाखवून म्हटलं, याचे वडील, काही वर्षांपूर्वी. गॅरीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तो विशूजवळ गेला, त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि वडिलांबद्दल फार वाईट वाटलं असं म्हणाला. विशू, एका पायात सपात, त्याला मनापासून धन्यवाद म्हणाला. मग कुंदा उठून विशूपुढे गेली. तिनं काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, पण विशूनं मान खाली घातली आणि चष्मा काढला.

आता तुम्हाला वाटेल, गोष्ट संपली. पण शरयूचा डबा रिकामा होता आणि तो रिकामा परत जाणं शक्य नव्हतं. कुंदानं गॅरीनं चिकटपट्ट्या लावून बंद केलेली स्वयंपाकघराची खोकी पुन्हा फोडायला लावली. एकात कढई सापडली, दुसऱ्यात रवा, साखर आधीच ट्रकमध्ये अगदी आत गेली होती, ती गॅरी स्वतः रांगत जाऊन घेऊन आला. शिरा झाला. गॅरीच्या माणसांनी तो खोक्यांवर बसून खाल्ला. ट्रक सकाळी निघायचा तो दुपारी निघाला, आणि आयोवाच्या त्या शिस्तीच्या माणसानं कुणाला एका शब्दानंही बोल लावला नाही.

भिंतीवरचे बाकीचे डबे शरयूनं नेले. म्हणाली, मी वाटते सावकाश, तू निघ. मुरंब्याची बरणीसुद्धा तिनंच घेतली. विशूच्या गाडीत मागे बसायला जागा उरली नाही, इतके डबे झाले. पुढे त्याच्या तळघरात फळ्या ठोकायची वेळ आली तेव्हा त्यानं मला फोन करून सांगितलं की खिळे घरात भरपूर आहेत.

आम्ही गाडीत बसलो. शिऱ्याचा डबा कुंदानं शरयूच्या हातात दिला, तशी ती तो घेऊन मागच्या अंगणात गेली, शिरा आमच्याच ताटलीत काढून घेतला, आणि परत येऊन डबा पुन्हा खिडकीतून कुंदाच्या मांडीवर ठेवला. त्यात काय होतं ते आम्हाला नेब्रास्कात कळलं. आमच्या अंगणातल्या बर्फाखालून नुकत्याच वर आलेल्या पुदिन्याची मुळं होती, ओल्या मातीसकट.

पुदिना फिनिक्सच्या उन्हात तगला. डबा त्यानंतर इतक्या वेळा टपालानं इकडून तिकडे गेला की धंतोली हा शब्द आता बोटांनीच वाचावा लागतो. आता आम्ही चौघंही म्हातारे झालोय आणि फोनवर एकमेकांना तब्येतीबद्दल खरं काही सांगत नाही. खोकं आलं की मी कात्री आणून देतो. कुंदा कागद फाडते, डबा बाहेर काढते, पण उघडत नाही. आधी तो कानाशी धरून हलवते. आत काहीतरी खुळखुळलं की डबा खाली ठेवते आणि मला सांगते, "सगळे बरे आहेत."